हुतात्मा की दंगलखोर, हे कोर्ट ठरवणार नाही

प्रश्न : तीस वर्षांपूर्वी बंदच्या दिवशी वडील गेले. आमच्या मते पोलिसांच्या गोळीने. पोलिसांच्या नोंदीत 'दगडफेकीत डोक्याला मार'. एक गट त्यांना हुतात्मा म्हणून मिरवतो. दुसऱ्याने यंदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं नाव घालून 'दंगलखोर' असा फलक लावला. अब्रुनुकसानीचा दावा लावू का? चौकशी पुन्हा होईल का?

उत्तर : ताई, भरपाईचा दिवाणी दावा विसरा. बदनामीबद्दल दावा करण्याचा हक्क त्या माणसाबरोबरच संपतो, वारसांकडे येत नाही. फौजदारी तक्रार मात्र करता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो. पण ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता एवढं पुरत नाही, जवळच्या नातेवाइकांना दुखावण्याचा हेतूही दिसावा लागतो. सगळं अडतं ते या हेतूपाशी. 'त्या दिवशी जमाव हिंसक होता' असं कुणी लेखात लिहिलं तर तक्रार टिकणं कठीण. तुमच्याच गल्लीत नाव घालून लावलेल्या फलकाची गोष्ट वेगळी.

ही तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची, ३ वर्षांच्या आत. समोरचा म्हणेल, 'हे खरं आहे आणि लोकहितासाठी सांगितलं.' मग वडील त्या दिवशी काय करत होते, हे भर कोर्टात उकरलं जाईल. घरातल्या सगळ्यांची त्याला तयारी आहे का, हे आधी विचारा.

मी असतो तर कागदांपासून सुरुवात केली असती. मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, अकस्मात मृत्यूची नोंद, दंडाधिकारी चौकशी झाली असल्यास तिचा अहवाल, हे सगळं माहिती अधिकारात मागा. 'तपासात अडथळा येईल' असं उत्तर आलं तर त्या कायद्याचं कलम ८(३) दाखवा. २० वर्षांपूर्वीच्या घटनेला ती सबब चालत नाही. फाइल नष्ट केली म्हणाले तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा. त्या बंदनंतरच्या अधिवेशनाचं विधानसभेचं छापील कामकाजही चाळा. गृहमंत्र्यांनी निवेदन केलं असेल तर सरकार तेव्हा काय म्हणालं ते त्यात सापडेल. वकीलही हे विसरतात.

चौकशीचं बोलायचं तर खून किंवा सदोष मनुष्यवधाला मुदतीची आडकाठी नाही. पण जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलीस गोळीबारात १० जण गेले. अधिकाऱ्याला सत्र न्यायालयात शिक्षा झाली ती २००९ मध्ये. तिथे गोळ्या पोलिसांच्याच, यावर वाद नव्हता. तुमच्याकडे मृत्यूचं कारणच वादात आहे. शवविच्छेदन अहवालात गोळीची जखम दिसली तर उच्च न्यायालयात जाण्यात अर्थ आहे. नुसत्या तीस वर्षांच्या आठवणींवर मी तरी याचिका करणार नाही.

'हुतात्मा' म्हणणाऱ्यांनाही कायद्याने अडवणं अवघडच, हेही सांगून ठेवतो. उद्या त्यांनी चौकात पुतळा उभारायचं ठरवलं, तर त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हरकत तिथे नोंदवा.

तूर्तास फलकाचा फोटो ज्या मोबाइलने काढला तो जपून ठेवा, कारण फोटो कोर्टात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यावरूनच द्यावं लागेल. आणि फलकाची परवानगी कुणाच्या नावावर होती, ते नगरपालिकेकडून लेखी घ्या. तक्रारीत आरोपी म्हणून कुणाचं नाव घालायचं, ते त्याशिवाय ठरवता येणार नाही.