पाच वर्षांच्या मुलीला भडक मेकअपची, फॅशनवाली बाहुली खेळायला द्यावी का?

द्या. मामानं हौसेनं पाठवलेली ब्रॅट्झ, म्हणजे ती मोठ्या डोक्याची फॅशनवाली अमेरिकन बाहुली, पोरीनं एकदा हातात घेतली, की सासूबाई नाक मुरडतात म्हणून ती कपाटावर टाकू नका. लिपस्टिक आणि तोकड्या स्कर्टातली बाहुली बघून मुलगी बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय. हेच भांडण आमच्या घरात झालंय आणि अजून पुरतं मिटलेलं नाही, म्हणून लिहिते.

मी परभणीची. घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. लेक पहिलीत होती तेव्हा माझा भाऊ दुबईहून येताना तिला यास्मिन घेऊन आला. ब्रॅट्झच्या २००१ साली आलेल्या पहिल्या चौघींपैकी ही एक. हे एवढं मोठं डोकं, अर्धे मिटलेले डोळे, पापण्यांवर रंग, फुगीर ओठ. वन्सं माहेरपणाला आलेल्या होत्या. बघताक्षणी म्हणाल्या, "अगं माय! ही काय बाहुली म्हणावी का? आतापासूनच लेकराला हे शिकवायलीस?" आणि उचलून माळ्यावर ठेवून दिली. लेक आत्यासमोर रडली नाही. रात्री जवळ येऊन मला विचारलं, "आई, तिनं काय केलं?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वन्संच्या डोळ्यांदेखत बाहुली खाली काढली.

बूट ओढला तर पाऊलच हातात आलं. या बाहुल्यांना वेगळं पाऊल नसतंच, बूट आणि पाऊल एकच. बूट निघाला की पाय घोट्यापाशी खुंटीसारखा संपतो. लेक किंचाळली, मग हसत सुटली, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पोरी पाय काढून बघायला आमच्या दारात. मग हट्ट सुरू झाला, हिला परकर-पोलकं शिव. मी नेहमीसारखं गळ्यातून घालायचं पोलकं बेतलं तर ते डोक्यातून जाईना. मागं पूर्ण उघडं ठेवावं लागलं. टिचबटण एवढ्याशा पाठीवर बसत नाही, म्हणून वेल्क्रोची पट्टी उभी चिरून लावली. परकर मात्र पाऊल काढलं की खालून सरळ वर जातो. काठाला इरकलीचं कात्रण होतं. टेप त्या कमरेला फार रुंद पडायचा, म्हणून दोऱ्यानं माप घ्यायचं आणि दोरा टेपवर धरायचा, हे लेकीनं आपलं आपण शोधलं. तिनं कापलेल्या पहिल्या दोन बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. मी काही बोलले नाही, तिनंच लावून बघितलं आणि परत कापलं. आज ती आठवीत आहे. माझ्याकडच्या ब्लाउजांना हूक लावणं, हातशिलाई, काजं तिच्याकडं असतात आणि गिऱ्हाईक तिचं काज ओळखून नाव घेतं.

तो तोकडा स्कर्ट? तो पहिल्याच आठवड्यात कुठंतरी हरवला. कुणाला आठवलाही नाही.

आता वन्संचं म्हणणं होतं, बाहुली द्यायचीच तर सोज्वळ द्यावी. त्यांच्या लेकीला त्यांनी साडीतली बार्बी घेतली होती. बार्बी १९५९ साली आली ती जर्मनीतल्या लिली नावाच्या बाहुलीवरून, आणि ती लिली मोठ्या माणसांसाठी विकली जायची, एका वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतली. साडी नेसवली म्हणून ती सोज्वळ झाली का? इंग्लंडमध्ये २००६ साली अभ्यास झाला, त्यात बार्बीची चित्रं बघितलेल्या पाच ते आठ वयाच्या मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडायला लागलं, आणखी बारीक व्हावंसं वाटलं. तिथं भडक मेकअपचा प्रश्नच नव्हता.

ब्रॅट्झवर आक्षेप आहेत, मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००७ च्या अहवालात चार ते आठ वर्षांच्या मुलींसाठी काढलेल्या या बाहुल्यांच्या कपड्यांवर नाव घेऊन चिंता व्यक्त केली होती. पण तोच अहवाल टीव्ही, जाहिराती, गाणी आणि घरातल्या मोठ्यांचं बोलणंही धरतो. आपल्याकडं लग्नात चार वर्षांच्या पोरीला लिपस्टिक लावून "नवरीबाई, नवरीबाई" म्हणत फोटो काढतात. उन्हात खेळली की "काळी पडशील, कोण करील तुला" म्हणतात. पोरीच्या मनात काय बसतं ते यातनं बसतं.

वन्संची हीच साडीच्या बार्बीवाली लेक अकरावीत गेली आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. सतरा वर्षांची पोर. २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात बावीस टक्के निघाल्या. आमच्या परभणीत आणि बीडमध्ये चाळीसच्या वर. बाहुलीच्या ओठावरच्या रंगानं ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांना हा आकडा कसा पचतो? मी आडवी गेले, दाजींना तोंडावर सांगितलं की पोरीची बारावी होऊ द्या, अठराच्या आत लग्न कायद्यालाही चालत नाही. लग्न थांबलं. पोरगी आता नर्सिंगला आहे. वन्संचं माझं बोलणं तेव्हापासून कामापुरतं आहे, आणि मला त्याचं दुःख नाही.

म्हणून तुमच्या सासूबाईंना घाबरू नका. त्यांनाच लुगड्याचा तुकडा मागा आणि बाहुलीचे कपडे करायला बसवा.

हां, तुम्ही स्वतः दुकानात उभ्या असाल तर पाच वर्षांच्या पोरीसाठी मुद्दाम हीच उचलू नका. त्या वयाला भातुकली, ठोकळे, चिंध्यांची बाहुली भरपूर झाली. ब्रॅट्झ सात-आठच्या पुढं बरी. बाहुलीपेक्षा तिच्यावरचे मोबाईलमधले व्हिडिओ जास्त सांभाळा, एकटीला बघू देऊ नका. पोर "मी जाडी आहे का" विचारायला लागली किंवा ताटातलं टाकायला लागली, तर हसण्यावारी न नेता जवळ घेऊन बोला. इथंच घेणार असाल तर खोक्यावर आयएसआय शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे. आणि घरात तीन वर्षांच्या आतलं दुसरं लेकरू असेल तर ते काढता येणारे बूट पहिले उचलून ठेवा, नेमके तोंडात जायच्या मापाचे असतात.