अमेरिकेच्या डेल्टा विमान कंपनीच्या स्कायमाइल्समध्ये (नेहमी प्रवास करणाऱ्यांसाठीच्या योजनेत) दर्जा ठरवताना आता मैल मोजत नाहीत, मग मेडॅलियन दर्जा, म्हणजे जादा सवलती देणारा दर्जा, मिळतो कसा?

थोडक्यात, पैशांवर. १ जानेवारी २०२४ पासून उडालेले मैल आणि फेऱ्यांची संख्या हिशेबातून गेली; उरले फक्त एमक्यूडी (मेडॅलियन क्वालिफिकेशन डॉलर), म्हणजे मुख्यतः तिकिटावरचा खर्च. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अटी इतक्या कडक होत्या की प्रवाशांनी आरडाओरडा केला आणि पुढच्या महिन्यात कंपनीने थोडी माघार घेतली. प्रत्येक दर्जासाठी किती एमक्यूडी लागतील, ते शेवटी ठरलं असं: सिल्व्हर ५,०००, गोल्ड १०,०००, प्लॅटिनम १५,००० आणि डायमंड २८,००० (आधी तो ३५,००० होणार होता!).

एक डॉलर म्हणजे एक एमक्यूडी, पण सरकारी कर त्यात धरत नाहीत. म्हणून ४०० डॉलरच्या तिकिटावर ४०० मिळतील असं समजू नका, कर वजा करून बघा. भागीदार कंपनीने विकलेल्या तिकिटाचं गणित निराळं: तिथे किती एमक्यूडी द्यायचे हे अंतर आणि भाड्याचा वर्ग बघून ठरवतात. लांबचा प्रवास असेल तर कधीकधी हेच जास्त फायद्याचं पडतं.

स्वस्त तिकिटं काढून भरपूर फिरणाऱ्यांचा यात सरळ तोटा आहे. आपल्या ऑफिसच्या पैशाने महागडं तिकीट काढणाऱ्याला मात्र काहीच फरक पडत नाही. तुम्ही पहिल्या गटात असाल, तर दर्जाच्या मागे धावून जादा पैसे घालवू नका.