शेजारी सोडलेल्या दोन धारा एकमेकींकडे का झुकतात?

पाण्यात शेजारी शेजारी सोडलेल्या दोन धारा एकमेकींना ओढतात का आणि त्या मिसळतात नेमक्या कुठे, असं तुम्ही विचारलंय.

ओढत नाहीत. त्या बाहेरून ढकलल्या जातात. हे मला शिरोलीत काम करताना कळलं. तिथल्या एका फाउंड्रीत लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) तापवायला दोन गॅस बर्नर चिकटून बसवले होते. ज्वाळा मधे झुकून एक व्हायच्या. तळ मधोमध लालभडक, कडेचं अस्तर काळंच. गॅसचं प्रेशर कमी-जास्त करून पाहिलं, काही फरक नाही. बर्नर लांब केले तेव्हा कुठे कडा तापल्या.

कारण असं, की जोराची धार वाटेतलं पाणी (किंवा हवा) गिळत पुढे जाते. तोंड गोल असेल, तर व्यासाच्या 30 पट अंतरावर धारेतून मूळच्या साधारण साडेनऊ पट पाणी वाहत असतं. म्हणजे 6 मिमीच्या नळीसमोर फक्त 18 सेंमीवर! हे वाढलेलं सगळं पाणी आजूबाजूचं. आता दोन धारा जवळ आणा. बाहेरच्या अंगाला पाणी मुबलक, पण मधल्या चिंचोळ्या जागेतलं पाणी दोघीही उपसतात. तिथला दाब उतरतो आणि बाहेरचा जास्त दाब दोघींना आत रेटतो. तोंडं लांबट चिरेसारखी असली तर मधे पाणी भरून निघायला वाट नसते, म्हणून तिथलं पाणी चक्क उलटं, नळ्यांकडे फिरतं. गोल तोंडांत वरून-खालून पाणी येत राहतं, त्यामुळे झुकणं सौम्य.

मिसळण्याचं म्हणाल, तर गोल धार साधारण 24 अंशांच्या शंकूत पसरते. नळ्यांच्या मध्यांत 3 सेंमी अंतर ठेवलंत तर जेमतेम 6 सेंमीवर कडा एकमेकींना शिवतात. पण शिवणं म्हणजे मिसळणं नाही. मी घरी माशांच्या काचेच्या पेटीत एका धारेत लाल आणि दुसरीत पिवळा खायचा रंग सोडला होता. धारा एक झाल्यावरही लाल-पिवळे पदर वेगवेगळे दिसत होते, केसासारखे बारीक होत गेलेले. मोठे भोवरे पाणी गुंडाळतात, ताणतात, लहान भोवरे ते आणखी चिरतात. शेवटचं काम रेणूंचं, आणि पाण्यात रंग फार हळू पसरतो. म्हणून नारंगी व्हायला बरंच पुढे जावं लागतं.

नळाच्या बारीक धारा बोटाने जुळवल्या की चिकटतात, तो पृष्ठताणाचा खेळ. त्याची यात गल्लत करू नका.

माझ्या म्हणण्याची खात्री करायची असेल तर दोन्ही धारांच्या मधोमध, त्यांना समांतर, पातळ पत्रा उभा धरा. आता एकीला दुसरी दिसतही नाही, तरी दोघी पत्र्याकडे वळतात. एक नळी बंद केलीत तरी दुसरी वळायची थांबत नाही.