रिसेप्टरवर काम सुरू करतेयस? आधी एवढंच

नाशकात एमएस्सी करतेस आणि रोगप्रतिकार पेशींच्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या, इशारे पकडणाऱ्या प्रथिनांवर) काम करायचंय, वाचून बरं वाटलं. सगळी यादी पाठ करत बसू नकोस. दोनच धर: टीएलआर-४ आणि पीडी-१. पहिला ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस (साखर आणि चरबीचा एक रेणू) ओळखून गजर करतो. दुसरा टी-पेशीला (संसर्गाशी लढणारी पांढरी पेशी) आवरतो, आणि कॅन्सरच्या बऱ्याच गाठी हाच ब्रेक दाबून निसटतात. (१९९२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजोंच्या प्रयोगशाळेने पीडी-१ शोधला, नोबेल मिळालं २०१८ मध्ये. घाई नको, एवढंच!)

सुरुवातीच्या चुका:

- पीडी-१ दिसला की 'पेशी थकली' म्हणणं. नुकत्याच जाग्या झालेल्या टी-पेशीवरही तो येतो.
- फ्लो सायटोमेट्रीत (चमकत्या अँटिबॉडी लावून एकेक पेशी लेझरने तपासतात, त्यात) मेलेल्या पेशी न वगळणं. त्यांना कुठलीही अँटिबॉडी चिकटते.
- एंडोटॉक्सिन, म्हणजे वरचंच एलपीएस, नमुन्यात राहून जाणं. यात माझे तीन महिने गेले. माझ्या प्रथिनाने पेशी चेतल्या, पेढे वाटायचेच बाकी होते. प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, चेतवत होतं त्यातलं एलपीएस! साध्या ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) ते जात नाही. थोडं प्रथिन उकळून पेशींना लाव; उकळल्यावर प्रथिन सहसा बिघडतं, एलपीएस टिकतं. परिणाम तसाच राहिला तर एलपीएसचा संशय घे.

सिग्नलिंगचे (पेशीत निरोप कसा पुढे जातो त्याचे) नकाशे नंतर. माणसाचं रक्त वापरणार असशील तर एथिक्स समितीचा अर्ज मात्र आजच टाक, त्याला वेळ लागतो. कॉलेज रोडला आलीस तर प्रयोगाचे पहिले आलेख घेऊन ये, बिघडलेले असले तरी.