नाशिकच्या परिसरात सगळा काळा बेसाल्टच (लाव्हा थंड होऊन बनलेला खडक) आहे, भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांची, सीमा जवळपास नाही. मग प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे या भूपट्टांच्या हालचालींचे शास्त्र, शिकायचे कसे?

याच बेसाल्टपासून सुरुवात करावी, कारण भूपट्ट सरकतात याचा उत्तम पुरावा अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कातळातच आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, तेव्हा भारतीय भूपट्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, आणि लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवली. या दिशेचा कल अक्षांशानुसार बदलतो, म्हणून तिच्यावरून काढलेले अक्षांश 30° दक्षिणेच्या आसपास येते, तर नाशिक आज 20° उत्तरेस आहे. पदव्युत्तर वर्गाला मी पहिल्याच आठवड्यात एक गणित देतो: ज्या तप्तबिंदूवर (भूपट्टाखालून अतितप्त खडक वर येतो ते ठिकाण) हा लाव्हा उसळला असे बहुतेक संशोधक मानतात, तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, तेथपासून नाशिकपर्यंतचे सुमारे 5,000 किलोमीटर अंतर 6.6 कोटी वर्षांनी भागले, की वर्षाला साधारण साडेसात सेंटिमीटर हा वेग मिळतो. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही भूपट्ट त्या तप्तबिंदूवरून सरकताना मागे राहिलेली बेटांची रांग नकाशावर पाहिली, की हा प्रवास डोळ्यांना दिसतो. मात्र हा वेग केवळ सरासरी समजावा: आशियाशी टक्कर होण्यापूर्वी भूपट्ट याच्या दुपटीहून वेगाने सरकत होता, आज तो सुमारे 5 सेंटिमीटरवर आला आहे, शिवाय रियुनियनचे 21° दक्षिण आणि कातळातले 30° जुळत नाहीत, म्हणजे तप्तबिंदू पूर्णपणे स्थिर असतो हे गृहीतकही ढोबळच आहे. टकरीच्या सीमेवरील वळ्या (खडकांच्या घड्या) आणि प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याच्या भेगा) पाहण्यासाठी मात्र हिमालयातील क्षेत्रभेटीला पर्याय नाही.