ऑगस्टीन वाचायचा, पण 19व्या भागापासून

ख्रिस्ती राजकीय विचार वाचायला घेताय, तर आधी ऑगस्टीन घ्या, चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप. अक्विनास, ल्यूथर हे पुढच्या शतकांतले विचारवंत नंतर. इ.स. 410 मध्ये गॉथ या जर्मानिक टोळीने रोम लुटलं आणि ख्रिस्ती होऊन जुन्या देवांना सोडल्याचंच हे फळ, अशी ओरड झाली. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ लिहायला घेतलं. एकूण 22 भाग. पहिल्यापासून गेलात तर रोमन देवदेवतांच्या खंडनातच दमून जाल. सरळ 19वा उघडा.

तिथे एक न्यायाधीश भेटतो. खरं काय ते कळायला मार्ग नाही, म्हणून तो आरोपीचा, साक्षीदारांचाही छळ करवतो. त्यात निरपराध माणूसही मरतो. मग शहाण्या माणसाने त्या खुर्चीवर बसावं का? बसावं, असं ऑगस्टीन म्हणतो, पण यातून मला सोडव अशी देवाला विनवणी करत. हे पान दोनदा वाचाच. राज्य लागतं, पण ते पवित्र नसतं, हे इतक्या तळमळीने फार थोड्यांनी मांडलंय.

पोप-सम्राटांचे झगडे, 1077चं कानोसा (जर्मन राजा हेन्री चौथा तिथे पोपची माफी मागायला गेला) वगैरे, मागाहून बघा. आणि ऑगस्टीनची दोन नगरं, देवाचं आणि या जगाचं, म्हणजे चर्च आणि राज्य, असं कुणी सांगितलं तर मानू नका. दोन्ही नगरांचे लोक या जगात, अगदी चर्चमध्येसुद्धा, एकमेकांत मिसळलेलेच आहेत, असं तो स्वतःच लिहितो.