तट्टाचा पोटशूळ किती गंभीर, हे डॉक्टर येईपर्यंत कसं ओळखायचं?

तुमचं तट्टू सकाळपासून चंदीला तोंड लावत नाही, पुढच्या पायाने जमीन उकरतंय, वळून कुशीकडे बघतंय आणि डॉक्टर पोहोचायला दीड तास आहे. गव्हाणीतला चारा लगेच काढा आणि हृदयाचे ठोके मोजा.

किती लोळतं यावर जाऊ नका. साध्या गॅसनेही घोडा धाडधाड अंग टाकतो आणि तासाभरात बरा होतो. उलट तट्टं फार सोशिक. आतड्याला पीळ पडलेला असतानाही मान खाली घालून गुमान उभी राहतात. ठोके मात्र सहसा फसवत नाहीत. डाव्या कोपराच्या मागे छातीला स्टेथोस्कोप लावा, नसेल तर तळहात. 'लब-डब' मिळून एक ठोका. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, पण लोळून उठल्या उठल्या नको, दोन मिनिटं थांबून. निरोगी घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४, तट्टाचे किंचित जास्त. ५० च्या आसपास असतील तर लक्ष ठेवा. ६० च्या वर टिकून राहिले तर गंभीर, ८० च्या वर गेले तर जीव धोक्यात. दर १५ मिनिटांनी मोजून वेळेसकट लिहून ठेवा. चढत जाणारा आकडा हाच सर्वात वाईट निरोप.

मग वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती फिकट गुलाबी, ओलसर हवी. अंगठ्याने दाबल्यावर उठणारा पांढरा ठिपका २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. बोटाला चिकटणारी कोरडी हिरडी म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. विटकरी किंवा जांभळट रंग, दातांच्या मुळाशी गर्द रेघ दिसली, तर आतड्यातलं विष रक्तात उतरलंय.

कुशीला कान लावा, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, प्रत्येक जागी मिनिटभर. उजव्या कुशीत वरच्या बाजूला अधूनमधून पाणी ओतल्यासारखा लांब आवाज येतो. सगळीकडे शांतता असेल तर काळजीचं. लीद शेवटची कधी टाकली, सुकी की शेंबडाळ, हेही बघा. अंडील घोडा असेल तर वृषण सुजलंय का, तेही.

बाटलीने तेल पाजू नका, कळकळीने सांगतो. घोड्याला उलटी होत नाही. पुढची वाट अडली की पोट तुंबत जातं, आणि ढोसलेलं तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नाकातून हिरवट पाणी आलं तर पोट फुटण्याच्या बेताला आहे, डॉक्टरांनी नळी घालायलाच हवी. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन आधीच दिलं असेल तर वेळ आणि मात्रा सांगा. त्याने दुखणं झाकतं, ठोकेही काही काळ उतरतात. दुसरा डोस स्वतःहून देऊ नका. हळूहळू १०-१५ मिनिटं फिरवणं ठीक, दमेपर्यंत नाही.

तासन्‌तास तळमळणारं जनावर अचानक शांत झालं, पण घामाने थबथबलेलं, कान गार आणि ठोके चढतेच असतील, तर ते बरं झालेलं नाही, बहुधा पोट किंवा आतडं फुटलंय. आणि तट्टू लठ्ठ किंवा गाभण असेल, तर शूळ उतरल्यावरही दिवसभर खाल्लं नाही तर पुन्हा डॉक्टरांना बोलवा. उपाशी तट्टाच्या रक्तात चरबी उतरते आणि यकृत निकामी होतं.